प्रतवारी

एकोणतीस वर्षं मी मासे निवडते आहे
ईसाफ्योर्दुरच्या धक्क्यावर, सरकत्या पट्ट्यापाशी.
दोन किलोच्या आतले डावीकडे,
त्यावरचे उजवीकडे,
खरचटलेले खालच्या खोक्यात.
वजन हातमोज्यातूनच कळतं.
एक मासा, एक खोकं. संपलं.

आता मंगळवारी रात्री शाळेत जाते.
स्टेनव्योरबाई फळ्यावर खोकी काढतात
एकाच्या पोटात एक.
सगळ्यांत आत एक, दोन, तीन: नैसर्गिक.
त्याबाहेर शून्याला घेऊन पूर्ण संख्या.
मग उण्या बाजूच्याही घेतल्या की पूर्णांक.
त्या उण्या मला ठाऊक होत्या,
जानेवारीत आमच्या दारावरच्या पाऱ्याला
दुसरं काही येतच नाही.
मग पाव, अर्धा, पाऊण आणि त्यांचं गणगोत:
परिमेय.

"सात कुठे?"
मी आतल्या खोक्यावर बोट ठेवलं.
"आणि?"
आणि काय? मासा एकदा टाकला की टाकला.
"सात चारही खोक्यांत आहे," बाई म्हणाल्या.
थोर्लेकुर मुकादमाने ऐकलं असतं
तर पगार कापला असता.

नऊ आला वर्गमुळाच्या छपराखाली दडून.
छप्पर उचललं तर तीन. आत टाकला.
वीस छेद पाच, नावाचाच अपूर्णांक. तोही आत.
सोंगं मला लगेच कळतात,
हॅडक कॉड म्हणून खपवणारे कमी नाही पाहिले.

दोनाचं वर्गमूळ मात्र
बोटांतून निसटत राहिलं.
घरी एक झाकण होतं, मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली.
सव्वाहून जास्त, दीडहून कमी.
सेंटिमीटर संपले,
मिलिमीटर संपले,
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
दोरीची दोन्ही टोकं माझ्या मुठीत,
आणि आकडा काही संपेना.

दोरीच नेऊन बाईंपुढे ठेवली.
"अपरिमेय," त्या म्हणाल्या,
"पण वास्तव. रेषेवर हिची जागा ठरलेली आहे."
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
मग उणे एकाचं वर्गमूळ?
"ते पुढच्या मंगळवारी."

बुधवारी पट्ट्यावरून एक कॉड आला,
दोन किलो. ना तसूभर इकडे, ना तिकडे.
मी त्याला धरून उभी राहिले.
मागे मासे साचत गेले.