मुठेल

सूरला आले तेव्हा बॅगेत मुठेलाचे चार गोळे होते.
मस्कतच्या विमानतळावर एकाने हुंगून पाहिलं,
खायचं का, म्हणाला.
मी म्हटलं, भेगांचं औषध, कोकमाच्या बियांचं.
त्याने टेबलाखाली स्वतःच्या टाचेकडे पाहिलं
आणि बॅग सोडली.

बीबी झुवैनाच्या नडग्या
पहिल्या दिवशी राखेत लोळून आल्यासारख्या.
काळ्या कातडीला कोरड लपवता येत नाही.
गोरी फुटते ती लाल होते, लोक हळहळतात.
आमची नुसती पांढुरकी पडते,
लोक म्हणतात, अंघोळ नाही वाटतं आज.

घरात चोवीस तास एसी.
बाहेर वाळूवरून येणारा वारा.
नळाला समुद्रच, मीठ काढून घेतलेला,
पण अंगावर वाळला की
कातडी एक नंबर लहान आणल्यासारखी ओढते.

मुलगी, रय्या, दर गुरुवारी बाटल्या आणते.
एकीवर एकाच बाईचे सहा चेहरे,
डावीकडून उजवीकडे उजळत गेलेले.
बीबी म्हणते, हिला उलटं वाचता येतं, आपण उजवीकडून सुरुवात करू.
आणि बाटल्या खिडकीत ओळीने ठेवते,
पडदा उडू नये म्हणून.

माझी पद्धत साधी.
अंग पुरतं पुसायचं नाही. ओलं असतानाच लावायचं.
गोळा चहाच्या गरम कपाला टेकवायचा,
कडेला घाम सुटतो, तेवढाच घ्यायचा.
गुडघा, घोटा, बोटांच्या बेचक्या.
घासायचं नाही गं, जिरू द्यायचं, आई सांगायची.
हळूहळू नडगी रंगावर येते.
उजळत नाही. काळी होते.
आतून दिवा पुसल्यासारखी काळी.

ती म्हणते, आमचे नवरे होड्यांना मुशीचं तेल पाजायचे,
दर हंगामाला, फळी न् फळी.
बायको फुटली तरी विचारायचे,
जेवण झालं का.
तिचं अरबी अर्धं झांझिबारचं,
माझं अरबी तीस शब्दांचं.
एवढं मात्र नीट कळलं.

एक दुपार.
वीज गेली होती, एसी गप्प,
बीबीने माझा हात ओढून मांडीवर घेतला
आणि करंगळीच्या नखाने मनगटापासून कोपराकडे
काहीतरी लिहिलं.
पांढरी अक्षरं उमटली. स्वच्छ. पाटीवर उमटावीत तशी.
मला हसूच आलं.
आम्हीही शाळेत पोटरीवर फुली-गोळा खेळायचो,
मागच्या बाकावर, बाई फळ्याकडे वळल्या की.
माझ्यावर खेळ छान दिसायचा.
सुलभा परांजपेच्या पायावर काही दिसायचंच नाही.

नाव माझं कुंदा. बाराव्याला काय पाहून ठेवलं कोण जाणे.
पुढे साय झाली, डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं,
स्टुडिओवाल्याने फोटोत चेहरा दोन घरं पुढे ढकलला.
पाहुणे आले, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि पोहे तेवढे संपवून गेले.

काय लिहिलंत, विचारलं बीबीला.
एका अक्षराखाली ठिपका होता,
तो नेमका माझ्या तिळावर पडला होता.
तिने सांगितलं नाही.
गोळ्यात बोट फिरवलं,
विजेविना तो आपोआपच मऊ झाला होता,
आणि माझ्या हातावरून, मनगट ते कोपर,
मग पुन्हा, मग बोटांच्या बेचक्यांतून.
अक्षरं गेली.
दोन वर्षांत या हाताला मुठेल लागलंच नव्हतं.
मोजून आणलेलं, दुसऱ्यांच्या पायांसाठी.

आता शेवटचा गोळा चालू आहे.
गरम असतानाच मुठीत दाबून वळतात,
त्यामुळे प्रत्येकावर आईची चार बोटं असतात.
तर्जनी संपली. मधलं बोट जून महिन्यात गेलं.
बीबीला सांगून ठेवलंय,
या बाजूने घ्यायचं,
करंगळीकडून नाही.