अडीच सूत

मिठारींच्या प्रेसमधलं ट्रेडल
अकरा वर्षं गोणपाटाखाली उभं होतं.
रोलरचं सरस उंदरांनी खाल्लं,
उरलेलं गंज चाटत बसला,
आणि कागद धरायच्या पकडीचा एक स्क्रू
कुणीतरी कधीतरी काढून नेला.
चोरी म्हणावं, तर एकच कोण चोरतं?

भोकात करंगळी फिरवून पाहिली.
आटे शाबूत होते.
आतलं ग्रीस काकवीसारखं घट्ट झालेलं.
पलीकडच्या पकडीचा जुळा भाऊ काढला,
रुमालात गुंडाळला, आणि निघालो.

उद्यमनगरात पहिल्याच दुकानात पोरानं
आठ एमएमचा बोल्ट काउंटरवर टाकला.
मापाच्या नटात दोन फेरे गोडीनं गेला,
तिसऱ्याला रुसलेल्या जावयासारखा
उंबऱ्यावरच बसला.
"मारा की पान्हा, जातोय."
जातो.
जाताना आतले आटे खाऊन जातो,
हे पोराला कुणी सांगितलं नाही.
आयटीआयला एकोणतीस वर्षं
हेच सांगायचा पगार मी घेतला,
तेव्हा गप्प बसलो.

दुसरीकडे अमेरिकन निघाला.
इंचाला अठरा आटे याचे, अठराच त्याचे,
पण त्याचा कोन साठ अंशांचा,
आमच्या विलायतीचा पंचावन्न.
"पाच अंशानं काय हुतंय, सर?"
काही होत नाही. बसतो.
सासऱ्यांच्या शेजारी मीही बसायचो
लग्नाकार्यात, तेवढ्याच फरकानं.

लक्ष्मीपुरीत तिघांनी सांगितलं,
ते माप आता येत नाही.
जणू माप गावाला गेलंय
आणि पावसापाण्यामुळं अडकलंय.

शेवटी गंगावेशीत दस्तगीर शिकलगार.
कात्र्या, अडकित्ते, ऊसतोडीचे कोयते,
पायानं फिरणारं धारेचं चाक,
आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
एक पिकलेला, एक पिकतोय.
स्क्रूवर त्यांनी अंगठ्याचं नख ओढलं
उभं, वरून खाली, एकदाच.
"अडीच सूत. अठरा आटं. विलायती."
मी खिशातला गेज खिशातच राहू दिला.

मग डबे उघडले. तपकिरीचे, बिस्किटांचे,
एक बेबी पावडरचा, त्याला अजून वास.
शिवणयंत्रांचे, ग्रामोफोनचे,
गुऱ्हाळाच्या इंजिनाचे, कुठल्याशा कुलपाचे;
यंत्रं कधीच फाउंड्रीत वितळून
पंप होऊन कुणाच्या विहिरीवर गेली,
स्क्रू मात्र मागं राहिले,
डब्यात, एकमेकांना न ओळखता.
पाच डबे झाले. चहा झाला. गार झाला.
अडीच सुताचे चार निघाले,
दोन आखूड, एक वाकडा,
एकाच्या डोक्याची खाच गेलेली.

"थांबा," म्हणाले,
आणि मागं वळून स्वतःच्याच चाकाच्या
बैठकीत पेचकस घातला.
मी हात धरला. धरला म्हणजे
जितका धरायचा तितकाच,
खोटं कशाला बोलू.
निघाला. डोकं पितळी, काळवंडलेलं,
जुळ्याला जुळ्याशेजारी ठेवलं
तर कुठला माझा, ते मलाही कळेना.
रिकाम्या जागेत त्यांनी
तोच आठ एमएम दोन फेरे बसवला,
वर चिंधी गुंडाळली.
"माझं चालतंय."

ट्रेडल सुरू झालं मंगळवारी.
चौकटीत जुना मजकूर अजून आवळलेला होता.
पहिल्या कागदावर उमटलं,
कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण,
तारीख अर्धी, नाव ठेवायचं बाकी.

लेथवर बसून मी त्यांच्यासाठी
एक नवा कातला. अठरा आटे, पंचावन्नाचा कोन,
एकोणतीस वर्षांत इतका नेटका
कुठल्या पोराला करून दाखवला नव्हता.
घेऊन गेलो, तर चाक दुरूनच खडखडत होतं,
कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत ऐकू जाईल असं.

त्यांनी नख ओढलं. "झ्याक केलाय," म्हणाले,
आणि बेबी पावडरच्या डब्यात टाकला.
"बसवत का नाही?"
"ऱ्हाऊ दे की.
आवाजानं गिऱ्हाईक यायला लागलंय."