चढाची लांबी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनहून आकडा येतो.
यंदा गुरुवारी आला, चार वाजून दहा मिनिटांनी.
थॉर्नबेकमध्ये तोवर काळोख,
आमच्या मजल्यावर नाताळची एकच माळ,
तीही अर्धीच पेटणारी.

फाइल उघडली. तीनशेवर कौन्सिलांची नावं
एकाखाली एक, पंगतीला बसल्यासारखी.
आमचं बरंच खाली.
सूत्रात सगळं धरलंय म्हणतात:
माणसं किती, त्यात म्हातारी किती,
शाळेत फुकट जेवणारी पोरं किती,
रस्ता किती किलोमीटर.
माणसं जुन्या शिरगणतीतली.
सात नंबरचे ऑर्मरॉड कधीच वारले,
त्यांचे पैसे अजून येतात.
त्यांच्या घरात आता पाच जण राहतात,
त्यांचे येत नाहीत.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,
हे मी कौन्सिलर नसरीन लोधींना
इंग्रजीत समजावून पाहिलं.
त्या चष्मा पुसत म्हणाल्या,
आड कुणी खणला, ते आधी विचार.

मग मी कापायला बसले.
एकोणीस वर्षं हेच करतेय, हात थरथरत नाही.
कुंड्यांतली फुलं: शून्य.
शाळेपुढचा रस्ता ओलांडून देणारा माणूस: फक्त सकाळी.
रस्त्यावर टाकायचं मीठ: चौदाशे टनांऐवजी अकराशे.

ग्लेनिस फॉदरगिल मिठाची गाडी चालवते, बावीस हिवाळे.
ओल्या बुटांनी तिसऱ्या मजल्यावर आली,
माझ्या कीबोर्डवर नकाशा पसरला.
हा टेंटर हिल. तुझ्या कागदावर चारशे मीटर.
एकदा चालून ये.

शनिवारी गेले.
चार पावलं पुढे तर एक वर, असा चढ.
पावतीच्या पाठीवर शाळेतलं गणित मांडलं,
कर्णाचा वर्ग वगैरे:
चारशे बारा मीटर.
बारा मीटर जास्त. त्याला मीठ ते किती?
बादलीभर.
हसले, आणि तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी
पाय सटकला.
कठड्याला लोंबकळत होते तेव्हा
एक म्हातारा वरून येताना दिसला,
खेकड्यासारखा आडवा, एका हातात दुधाचा डबा.
सांभाळून, पोरी, म्हणाला.
मी त्रेपन्न वर्षांची.

नकाशा वरून काढतात.
वरून पाहिलं की चढ आडवा पडतो.

कऱ्हाडला मावसबहिणीच्या लग्नात
मीठ वाढायचं काम माझ्याकडे होतं, वय नऊ.
प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक चिमूट,
सावकार असो की वाजंत्री.
फार अभिमान वाटला होता त्या सारखेपणाचा.
शेवटच्या ओळीत दिवसभर जळण फोडलेले दोघे,
सदरे पाठीला चिकटलेले.
त्यातला एक म्हणाला, जरा आणखी घाल, बाळ.
मी म्हटलं, सगळ्यांना एकच.
मामाने माझ्या हातातली वाटी काढून घेतली,
काही न बोलता.

लंडनला पत्र लिहिलं: रस्ते मोजताना
कृपया चढही धरावा.
बर्फ चढावर दोनदा पडतो, असंही लिहिलं होतं,
ते साहेबांनी खोडलं.
उत्तर आलं फेब्रुवारीत, दोन ओळींचं.
आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

तोवर मी अकराशेचे साडेबाराशे केले होते.
आकडा बदलायला चार कळा पुरतात.
ग्लेनिसची गाडी आता टेंटर हिल दोनदा चढते,
पहाटे पिवळा दिवा खिडकीवरून फिरतो,
मिठाचे खडे रस्त्यावर ताडताड वाजतात
आणि मी कूस बदलून झोपते.

दीडशे टन कुठून आलं, विचाराल.
वाचनालयातून. शुक्रवारचे दुपारचे दोन तास.
त्या दोन तासांत
तिथल्या हीटरपाशी कोण पेपर वाचत बसायचं,
ते बघायला मी गेलेले नाही.