भुवई

आधी डाव्या भुवईत फट पडली,
तांदळाच्या दाण्याएवढी.
अम्मी म्हणाली, चाई लागली असेल.
कौशातल्या डॉक्टरने मलम लिहून दिलं.
मलम संपलं, फट वाढत गेली.

मी पॅथॉलॉजीत काम करते,
दिवसभर लोकांच्या रक्तावर नावं चिकटवते,
आणि घरातलं दिसायला मला
सहामाही यावी लागली:
त्याच्या भूमितीच्या वहीत, पानांच्या बेचक्यात
बारीक काळे केस,
स्वल्पविराम सांडल्यासारखे.

मुदस्सिर, हे काय?
काही नाही, आपा.
मग रात्री दोनला, दिवा न लावता, म्हणाला,
हजेरीत त्याचं नाव आलं की
मागच्या बाकावरून कुणीतरी घड्याळ होतं,
टिक, टिक,
आणि तो 'हजर' म्हणाला की
सगळा वर्ग फुटतो.
पिंगे सर?
सर रजिस्टरात बघतात.
कधी कधी त्यांच्या मिशा हलतात.

"मी हजर म्हणायचं बंद केलं.
आता माझी गैरहजेरी लागते,
मी तिथेच बसलेला असतो."

मराठीत त्याला ब्याऐंशी होते.
तुमच्याकडे कोण शिकवतं रे मराठी?
आमच्याकडे!
अम्मी दाभोळची. कोळणीशी भाव करते तेव्हा
तिची मराठी ऐकायला
जिन्यात बायका थांबतात.

कळव्याच्या हॉस्पिटलात, खोली नंबर नऊ.
कुणी विचारलं तर डोळे दाखवायला आलोय सांगा,
अम्मीने बजावलेलं.
फॉर्मवर पत्त्यापाशी त्याचं पेन अडलं.
मुंब्रा खोडून त्याने ठाणे लिहिलं.
मी गप्प. मीही तेच करते,
नोकरीच्या प्रत्येक अर्जावर.

आतल्या बाईंनी नाव वाचलं,
नीट येतंय का म्हणून परत एकदा वाचलं.
"दोन स आहेत," तो म्हणाला.
त्या दिवशी तेवढंच बोलला.

आता रात्री अर्धी गोळी, गुरुवारी खोली नऊ.
शाळेला द्यायचं पत्र मी तीनदा फाडलंय,
चौथं पर्समध्ये आहे.
भुवईत खुंट उगवतात,
मग एखाद्या सोमवारी बोट परत तिकडेच जातं.

काल दुपारी झोपलेला, चादर डोक्यावरून.
त्याच्या नावाचा अर्थच तो, पांघरून घेतलेला.
अब्बांनी हौसेने ठेवलेलं.
मी दारातून हाक मारली, पूर्ण नावाने, दोन्ही स म्हणत.
पंखा फिरत राहिला.
बऱ्याच वेळाने चादरीतून आलं,
"काय गो?"