नळ्यांचा नकाशा

वडिलांनी तो काढला डेअरीच्या कॅलेंडरमागे,
सुतारकामाच्या जाड पेन्सिलीने,
नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठावन्न.
कुरणाच्या पोटात माशाच्या काट्यांसारख्या
तिरप्या रेघा, आणि मधला कणा:
जिथे आधी ओढा होता.
ओढा त्यांनी उचलून कुंपणाकडेला सरळ ठेवला.
सरकारदप्तरी तेव्हापासून त्याचं नाव
चर क्रमांक नऊ.

खापरी नळ्या, फूट-फूट लांब,
तोंडाला तोंड लावून पुरलेल्या,
चार फूट खोल, चौदा हजार दोनशे.
हाल्वर त्वेइत आकडे विसरत नसे.
लग्नाचा वाढदिवस विसरे.

जमीन वाळली, तेव्हा त्यांनी
आईला हाताला धरून कुरणाच्या मधोमध नेलं
आणि म्हणाले, मार उडी.
तिने मारली. बूट रुतला नाही.
आमच्या घरात प्रेमाची एवढी एकच गोष्ट सांगतात.

मी सही केली मार्चमध्ये.
इथे घरं उठणार नाहीत, गोदाम नाही, पार्किंग नाही.
करारात 'कायम' हा शब्द सात वेळा.
मोजला मी. मुलगी कुणाची.
वरची साठ एकरं गाईंची,
खालची चाळीस पाण्याला परत.
भाऊ म्हणाला, बाबा थडग्यात कूस बदलतील.
म्हटलं, बदलू देत,
बावीस वर्षं एकाच कुशीवर आहेत.

रोवेना जॉर्ज आली, माशांची जाणकार.
तिचे लोक कुंपणांच्या आधीपासून
याच काठावर सॅमन सुकवत आलेले.
ती ते बोलली नाही, मीही काढलं नाही.
तिने एवढंच विचारलं, नळ्या कुठे आहेत?
मी गोठ्याच्या दारामागचं कॅलेंडर आणलं.
ट्रकच्या बॉनेटवर पसरून, कोपऱ्यांवर चार खडे ठेवून
ती बराच वेळ बघत राहिली.
इतका नेटका नकाशा, म्हणाली, मी पाहिला नाही.
तेव्हा कुठे मला रडू आलं.

मग डेल्बर्टचं यंत्र. रेघेमागून रेघ
दर तीस फुटांवर दात रोवत गेलं.
बशा फुटाव्यात तसा आवाज.
एका नळीत वाळुंजीची मुळं
वेणीसारखी ठासून भरलेली.
म्हणजे प्रयत्न आधीच चालू होते.

कण्यापाशी, पाच फुटांखाली,
गोल गुळगुळीत गोटे निघाले
आणि काळं पडलेलं सेडारचं खोड,
टोकावर बीव्हरच्या दातांचे व्रण अजून ताजे वाटावेत असे.
डेल्बर्टने इंजिन बंद केलं.
तो हवामानाखेरीज कशावरही बोलत नाही.
टोपी काढली, डोकं खाजवलं,
म्हणाला, उद्या पाऊस आहे.

शाळेच्या मुलांनी वाळुंजीच्या काठ्या रोवल्या,
निम्म्या उलट्या.
त्यातल्याही काहींना पालवी आली.

सगळं गोड झालं असं नाही.
पहिल्या हिवाळ्यात नवं वळण फुटलं,
प्रुइटचं कुंपण घेऊन गेलं.
तो जूनपर्यंत माझ्याशी बोलला नाही.
डास आहेत. हट्टी परदेशी गवत आहे,
उपटलं की दुप्पट येतं.
दुधाचा हिशेब यंदाही जेमतेम.

पण ऑक्टोबरात, वळणाच्या सावलीत,
बोटाएवढी कोहोची पिल्लं,
प्रवाहाकडे तोंड करून, जागच्या जागी पोहत.
रोवेनाने एकवीस मोजली.
मी तेवीस.

संध्याकाळी आईकडे गेले, वृद्धाश्रमात.
त्र्याण्णव वर्षांची. नर्सची नावं विसरते.
सांगितलं, खालचं कुरण आता पाण्याखाली आहे.
तिने विचारलं, बूट रुततो का?
गुडघ्यापर्यंत, म्हटलं.

ती खिडकीकडे बघत राहिली.
मग हळूच, भिंतीला ऐकू जाऊ नये अशी,

तेव्हाही थोडा रुतला होता, म्हणाली.
त्यांना सांगितलं नाही.