तोळा, मासा, हाक

वाळपयच्या बाजारात आमचं दुकान, तीन फळ्यांचं.
भर दुपारी गिऱ्हाईक नसायचं
तेव्हा चरावण्याचा झिलू माजिक यायचा,
कमरेच्या पंच्यात गोळ्यांच्या पुड्या.
दारू बाहेर ठेव रे, बापू ओरडायचे, बागेसरी पेटलीय.
तो हसायचा.
काडतुसं त्यानं घरीच पकडीनं उपटलेली असत.
आत यायचं ते नुसतं शिसं
तांब्याच्या अंगरख्यातलं.

डब्यावरचे फिरंगी आकडे त्याला वाचता येत नसत,
आणि उभ्या सत्तरीत
आमच्याएवढा बारीक काटा दुसरा नव्हता.
मी अकरा वर्षांची. गुंजा मोजून द्यायची.

पहिली पुडी: दहा मासे. टोकदार, सुईसारखी.
दुसरी: बरोबर तोळा.
तिसरी बोथट, नाकाड मोडलेल्या म्हाताऱ्यासारखी,
तोळ्यावर अडीच मासे, वर एक गुंज.
बापूंनी ती चिमट्यात धरून फिरवली,
म्हणाले, हिची नथ नाही व्हायची.

अंतर किती, असं विचारलं
तर झिलू हाकांत सांगायचा.
अर्ध्या हाकेवर, चिवारीच्या बेटात,
हा बोथट म्हातारा बरा.
वाटेत काठी आली तरी वाट सोडत नाही,
हाडापाशी पोचला की दमानं आत जातो.
हलकी तिथं पानालाही बिचकते,
आणि जवळून हाडावर बसली
तर गुळाच्या खड्यासारखी फुटते.
एका हाकेवर तोळा. मेरवाला, डुकराला.
दोन हाकांवर, कुमेरीच्या पल्याडच्या उतारावर,
तोळा हातभर खाली पडतो,
तिथं ही सुई. सरळ जाते.
पण वारा तिला भाऊबंदासारखा ओढतो,
आणि पोचते तेव्हा
तिच्या अंगात फार काही उरलेलं नसतं.

आणि गव्याला?
मीच विचारलं. बापूंनी डोळे वटारले.
झिलू म्हणाला, बाये,
गव्याला हाकेपलीकडून मारायचंच नाही.
त्याचा श्वास ऐकू यायला हवा.
तुझाही त्याला.

हे त्यानंच सांगितलं होतं.

पुढल्या माघात म्हादईच्या अल्याड तो बसला होता,
पल्याड गवा पाण्याला उतरला.
दोन हाका. पाठीवर ऊन.
जवळ जायचं तर नदी ओलांडायची,
आणि नळीत सुई भरलेली.
बदलायला किती वेळ लागतो?
हे तो आम्हाला पुन्हा पुन्हा विचारत होता,
जणू वेळही आमच्याच काट्यावर होता.

गवा पडला नाही.
झिलू नऊ दिवस रक्तामागे फिरला.
पहिले दोन दिवस रक्त होतं,
मग चुरडलेलं गवत, मग गवतही नाही,
मग एका ओहोळाच्या वळणावर
वास.

तो आला तेव्हा संध्याकाळ होती. दिवा लावायचा होता.
पुडी एकच. आत आळंब्यासारखं फुललेलं शिसं,
तांब्याच्या पाकळ्या, एक तुटलेली.
बापू अशी वस्तू पारड्याला लागू देणारे नव्हेत.
त्यांनी रिठ्याच्या पाण्यात ती धुतली,
पुसली, काट्यात ठेवली.
मी गुंजा टाकत गेले.
सहा मासे, तीन गुंजा.

दहा होते, झिलू म्हणाला.
दहाच होते, बापू म्हणाले.

सोनं आटवताना तूट येते,
ती मजुरीतून वजा होते, हे मला माहीत होतं.
बापूंनी वही उघडली.
तूट, तीन मासे पाच गुंजा.
तारीख घातली.
'नावे'च्या रकान्यावर टाक बराच वेळ थांबला,
शाईचा एक ठिपका पडला, मग उचलला.

झिलूला वाचता येत नव्हतं.
काय लिहिलं, त्यानं विचारलंही नाही.
उशीवर अंगठा दाबला
आणि नेमका त्या कोऱ्या जागेत उठवला.