ब्रेकडाउन रजिस्टर

नववीचा विज्ञानाचा पेपर टाइप करत होते,
प्रश्न चौथा, ‘उष्णतेचे वहन म्ह’
आणि त्या म्ह-वरच थांबलं सगळं.
माऊस हलेना. कोपऱ्यातलं घड्याळ चार सतरावर.
बाहेर ऐरोली चालूच होती,
भंगारवाला ओरडत सेक्टर तीनमधून चारमध्ये गेला,
खाली कुणाचा तरी कुकर तिसऱ्या शिट्टीला आला,
फक्त माझा म्ह
जागच्या जागी.

बटण दाबून धरायचं, दहा आकडे मोजायचे, पुन्हा सुरू.
सेव्ह केलेलं नसतं ते गेलं.
क्लासच्या भोईरसरांना फोन: उद्या सकाळी देते, नक्की.

घणसोलीहून हर्षल आला. दोनशे रुपये नुसते यायचे.
त्याच्यासमोर तासभर असा शहाण्यासारखा वागला कॉम्प्युटर
की जणू मुलगी बघायला आलेत पाहुणे.
हर्षलने रॅम काढली, खोडरबराने घासली, फुंकर मारली,
म्हणाला, ताई, विंडोज नवीन टाकू, नाहीतर मशीनच नवीन घ्या.
चहा पिऊन तो लिफ्टपर्यंत पोचला नसेल,
पडद्याच्या मध्यावर माझा बाण मेला.

मग पप्पा उठले.
दिघ्याच्या कंपनीत एकोणतीस वर्षं फिटर.
कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे,
तिथे म्हणे दिवसभर लोक कॉम्प्युटरसमोर बसतात.
सहा वर्षं पप्पा घरातल्या नळांचे वॉशर बदलतायत,
न गळणाऱ्यासुद्धा.

कपाटावरून कंपनीचं जुनं रजिस्टर उतरवलं,
मागची पानं कोरी होती.
पट्टीने रेघा मारल्या: तारीख, वेळ, मशीन काय करत होतं,
घरात काय काय चालू होतं, सही.
सही कशाला, पप्पा?
‘सहीशिवाय ब्रेकडाउन होत नसतो.’

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा कायदा.
सोमवारी प्लग दुसऱ्या पॉइंटला लावला. मंगळवारी दोनदा अडकला.
मी म्हटलं, वायर पण आत्ताच बदलून टाकू या,
तर असे बघायला लागले
जणू मी चालत्या पट्ट्यात हात घातलाय.
बुधवारी फ्रिज बंद ठेवून पाहिला. दूध नासलं.
रजिस्टरमध्ये तेही आलं: दूध, अर्धा लिटर.
गुरुवार निरंक.
शुक्रवारी आईला मिक्सर लावायची परवानगी मागावी लागली,
शनिवारी तिने पाट्यावर चटणी वाटली आणि
कुणाशीच बोलली नाही.

रविवारी दुपारी कॅबिनेटची बाजू उघडून
ते जमिनीवर बसले, गुडघा दुखतो तरी.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या चौकटीला टेकवलं,
मूठ कानाला लावली, डोळे मिटले.
‘टीव्ही बंद कर.’
मग थोड्या वेळाने, ‘तू पण जरा लांब बस, श्वास ऐकू येतोय.’

किती वेळ गेला असेल.
आईही दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ.

‘बेअरिंग धरतंय. सारखं नाही. त्याच्या मनात येईल तेव्हा.’

पंख्यावरचा स्टिकर नखाने उचलला,
आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.
दुसरा नाही. दुसऱ्यावर धूळ बसते.

अकरा दिवस चालला.
दहावीचे दोन पेपर गेले, स्कॉलरशिपचा एक.
रोज रात्री साडेनऊला ते विचारायचे, आज?
मी म्हणायचे, नाही.
निरंक, सही.
निरंकच्या शेवटी पेन टेकून राहायचं बहुतेक,
शाईचा ठिपका पलीकडच्या पानावर उतरलाय.

बाराव्या दिवशी, ‘खालीलपैकी योग्य पर्याय निव’

मी हाक मारायच्या आधी हॉलमध्ये खुर्ची सरकली.
कीबोर्ड थांबला ना तुझा, म्हणाले,
चष्मा बनियनला पुसत, काखेत रजिस्टर,
चाल अशी की पहिल्या पाळीचा भोंगा झालाय.
‘हात लावू नकोस. कशालाच.
आधी वेळ सांग.’

चार एक्केचाळीस, मी म्हटलं,
आणि टेबलाखाली त्यांना बसायला
जागा करून दिली.